आजारी माणसाला बांगडा नाही

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते खिशातल्या तंबाखूच्या चुऱ्यासारखे असतात. शर्ट धुतला, वाळवला, घडी घातली, तरी शिवणीत थोडा चुरा राहतोच. मी बोलतो कमी आणि तेही हळू, त्यामुळे माझ्या खिशात जरा जास्तच राहिला आहे.

परवा नातवाने अंथरुणातूनच मोबाइलवर दोन ओळी टाइप केल्या आणि कुशीवर वळला. मी विचारलं, "काय रे, ऑफिस नाही?"

"सिक लीव्ह टाकली, आजोबा. जरा आराम!"

झालं! एवढंच! ना डॉक्टर, ना जॉबर, ना कण्हणं, ना कुंथणं! मला हसू आलं. आमच्या वेळी आजारी पडणं हे कामावर जाण्यापेक्षा मोठं काम होतं.

गोष्ट लालबागची, संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतली. मी मिलमध्ये साचेखात्यात होतो, म्हणजे जिथे साच्यांवर कापड विणतात तिथे. आम्ही सगळे कोकणातले, एकाच गावचे. राहायला एका खोलीत आणि जेवायला शेजारच्या खोलीत, भागामावशीकडे. मावशी आमच्यातल्या कुणाचीच सख्खी नव्हती, पण हाक सगळ्यांची एकच. तिची खाणावळ होती. कुणी पहाटे कामावर जाणारा, कुणी दुपारी, कुणी रात्री. प्रत्येकाच्या पोटाची वेळ वेगळी. मिलला तीन पाळ्या होत्या, मावशीला एकच, न संपणारी! सकाळच्या भोंग्याआधी तिची शेगडी पेटलेली असायची.

आम्ही सगळे कधी ना कधी सिकवर गेलो. मावशी कधीच नाही. आमचा भिवा तिला म्हणायचा, "मावशे, तूपण एकदा सिक टाक की!"

"आणि माझ्या जाग्यार बदली कोण भरतलो? तुझो बापूस?"

आम्ही हसायचो. आणि ताट पुढे करायचो.

*

भिवा हा आमच्यातला कलावंत. माणूस दिलदार, हात कामाला चांगला, पण महिन्यातून एकदा त्याला आराम करावासा वाटायचाच. सिकची चिठ्ठी मिळायची कामगार विम्याच्या डॉक्टरकडून. त्या सुमारास डॉक्टर नवीन आला होता. गिरगावातला, तरुण, जाड चष्म्याचा, पुस्तकासारखं शुद्ध बोलणारा. भिवा म्हणाला, "कोरी पाटी आहे. आपणच पहिली रेघ ओढू."

गेला दवाखान्यात. बाकावर मीही होतो, माझं बोट खरंच कापलं होतं. भिवाने डॉक्टरसमोर बसून गळ्याला हात लावला आणि तोंड उघडून मिटलं. आवाज गेला!

डॉक्टरने टॉर्च लावून घसा बघितला. "कधीपासून?"

भिवाने हातांनी सांगितलं, काल संध्याकाळपासून.

"जेवण जातं?"

भिवाने भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास घेतला, तो गळ्यात अडकला, डोळ्यांत पाणी आलं. सगळं हातांनी! मला तर ती आमटी दिसली.

"झोप?"

भिवाने अख्खी रात्र करून दाखवली.

डॉक्टर खूश झाला. "वा! मला अगदी सगळं कळलं. तुम्ही साचेखात्यात ना? तिथे साच्यांचा एवढा आवाज असतो की कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. सगळे हातांनीच बोलतात म्हणे?"

भिवाने अभिमानाने मान हलवली.

"मग तिथे आवाजाचं काय काम? जा, पाळी सुरू व्हायला अजून वेळ आहे!"

भिवाचा आवाज जिन्यातच परत आला. त्याने तिथे जे काही म्हटलं ते मी लिहीत नाही.

*

एखाद्या वेळी डॉक्टर फसला तरी मावशी फसायची नाही. रात्रपाळीवाले दिवसा आमच्या खोलीत झोपत, म्हणून आजारी माणसाची वळकटी मावशीच्या खोलीत, शेगडीसमोर पसरायची अशी पद्धत होती. आणि मावशीचा कायदा एकच. आजारी पडलास की पेज. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्रीही पेज, सोबत मीठ आणि लिंबाचं लोणचं. बाकीचे समोर बसून मासे खाणार आणि तू पेज पिणार!

"आजारी माणसाक बांगडो नाय!" हे तिचं वाक्य चाळीत सगळ्यांना पाठ होतं.

एकदा भिवा बगलेत कांदा धरून झोपला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की त्याने अंग तापतं. मावशी आली. कपाळाला हात लावला नाही, काही विचारलं नाही. तळहात पुढे केला.

"कांदो दी. डाळीत घालूचो आसा."

भिवाने दिला. तिने तो धुतला, चिरला आणि डाळीत घातला! त्या दिवशी डाळ कुणाच्या घशाखाली उतरेना. एकटा भिवा सुटला, कारण त्याला पेज होती.

पण तिची खरी परीक्षा होती बांगड्याची. आजाऱ्याबद्दल संशय आला की ती काही बोलायची नाही. बांगडा घ्यायची, हळद, तिखट, मीठ लावायची, आणि त्या माणसाच्या अगदी उशाशी स्टोव्ह आणून तव्यावर टाकायची. चर्रर्र! तो वास नाकात गेल्यावर जो उठून बसला तो फिट. त्याला त्या क्षणी डबा बांधून मिलमध्ये धाडायचा. जो उठला नाही तो खरा आजारी. मग मावशी त्याच्या पायाला तेल चोळत बसायची, आणि त्याच्यावर मनापासून रागवायची, की "मेल्या, आधी सांगूक काय झाला होता?"

एकदा भिवाने बांगड्यासमोर बराच वेळ दम धरला. डोळे मिटलेले, चेहरा शांत. आम्हाला वाटलं, जिंकला! तेवढ्यात मावशी हळूच म्हणाली, "शेपटीकडचो कोणाक होयो?"

भिवा झोपेतच म्हणाला, "माका!"

*

आमच्या खोलीत सगळ्यात वडील आबा. आबांनी कधी खाडा केला नाही. भोंग्याआधी गेटवर, भोंग्यानंतर घरी. सुट्टीचा वार सोडला तर त्यांना दिवसाउजेडी कुणी खोलीत बघितलं नव्हतं.

एक दिवस त्यांना साच्यावरच ताप भरला. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, घाबरला. त्याने दोघांना सोबत देऊन त्यांना घरी पाठवलं आणि सांगितलं, "आठवडाभर तोंड दाखवू नका!"

मावशीने वळकटी पसरली, पेज दिली. परीक्षा घेतली नाही. आबांची परीक्षा कोण घेणार! दोन-तीन दिवसांत ताप उतरला. पण आबांना झोप येईना. या कुशीवरून त्या कुशीवर. मावशीने वळकटीची चादर बदलली, पडदा लावला, पोरांना गॅलरीतून हाकललं, भांडीसुद्धा आवाज न करता घासली. तरी झोप नाही.

एका दुपारी बघते तर आबा अंथरुणात नाहीत! शोधाशोध झाली. शेवटी मिलचा वॉचमन सांगत आला. साचेखात्याची जी भिंत रस्त्याच्या बाजूला आहे, तिला टेकून आबा फुटपाथवर गाढ झोपले होते. आत साचे धडधडत होते, भिंत हलत होती, आणि आबा घोरत होते!

आम्ही उठवलं तेव्हा ओशाळून म्हणाले, "अरे, घरी शांत किती आहे! माणसाला झोप कशी लागणार?"

*

आता गणू. गणू मावशीचा भाचा, खराखुरा भाचा, आणि बदलीवाला. म्हणजे त्याला कायमचं काम नव्हतं. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमवाला कुणी आला नाही तर जॉबर बोट करणार, "तू चल!" कुणी आजारी तर गणूला काम. सगळे ठणठणीत तर गणू घरी.

त्यामुळे दुसऱ्याच्या तब्येतीची इतकी काळजी करणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही. गेटवर कुणी शिंकला की गणू धावलाच. "दादा, शिंक बरी नव्हे. जाऊन पडा ना जरा! अंगावर काढू नका!"

आणि संध्याकाळी परत आला की मावशी विचारायची, "काय रे, काम लागला?" तर हा पडलेल्या चेहऱ्याने सांगणार, "नाय गो. सगळे बरे आसत."

गणूचं लग्न ठरत आलं. मुलीचे वडील, तात्या, पक्के माणूस. म्हणाले, "मी मुंबईत येऊन राहतो. मुलगा रोज कामावर जातो की नाही ते डोळ्यांनी बघतो. मग होकार." आले आणि आमच्या खोलीतच वळकटी टाकली.

आता काय करायचं? भिवा म्हणाला, "त्यात काय! एकेकाने रोज आजारी पडायचं. गणूची बदली रोज भरेल. आपण पाच-सहा जण आहोत, आठवडा सहज निघेल. पहिला नंबर माझा!" त्याच्या आवाजात अशी काही तळमळ होती की जणू तो आझाद मैदानात सत्याग्रहाला बसणार होता.

झालं! पहिल्या दिवशी भिवाची पाठ. दुसऱ्या दिवशी माझं पोट. तिसऱ्या दिवशी आणखी कुणाची दाढ. डॉक्टर एकेकाला नीट निरखून बघायचा आणि म्हणायचा, "तुमच्या खोलीत साथ आली आहे की लग्न निघालं आहे?" त्याला कुणी सांगितलं कोण जाणे! पण चिठ्ठी द्यायचा. आणि गणू रोज डबा घेऊन तात्यांच्या पाया पडून कामावर जायचा. आम्ही पेज पीत त्याच्याकडे कौतुकाने बघायचो.

आठवड्याच्या शेवटी तात्यांनी सगळ्यांना बसवलं. "मुलगा बघितला. रोज जातो, थकून येतो. मुलगा पसंत आहे."

आम्ही सुस्कारा टाकला.

"पण मुलगी देणार नाही! या जागेत रोज एक माणूस आजारी पडतो. उद्या माझी पोरगी पडेल. ही जागाच रोगट आहे!"

गणूने कपाळावर हात मारला. आता खरं सांगितलं तर मुलगा बदलीवाला निघतो, आणि नाही सांगितलं तर जागा रोगट ठरते!

तेव्हा मावशी शेगडीवरून उठली. हात पुसत तात्यांसमोर येऊन उभी राहिली. "तात्यानू, ह्या बापये माणसांचा काय घेऊन बसलास! माझ्याकडे बघा. ह्याच हवेत, ह्याच पाण्यावर एवढी वर्सां काढलय. चाळीत विचारा, भागा कधी दिवसाची आडवी झाली काय? लग्नाच्या दिवसापर्यंत माका कोणी आडवी बघितली, तर मुलगी देव नका!"

तात्यांनी खरंच चाळीत विचारलं. खालच्या मजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं. भागामावशी आडवी? छे!

लग्न ठरलं आणि तात्या तयारीसाठी गावी गेले. त्या रात्री गणू मावशीच्या पाया पडला तेव्हा माझं लक्ष गेलं. तिचा उजवा पाय घोट्यापाशी चांगलाच सुजला होता. मी खुणेने विचारलं. तिने लुगडं खाली ओढलं आणि म्हणाली, "जेव गप."

*

मग तो मोर्च्याचा दिवस आला. मोर्चे तेव्हा पुष्कळ निघायचे, पण हा मोठा होता. आदल्या दिवसापासून साचेखात्यात हातांनी एकच बोलणं चाललं होतं, आणि सकाळी अर्ध्या खात्याचं पोट दुखायला लागलं!

आम्ही सगळे पोट धरून दवाखान्यात गेलो. जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग. रांग पुढे सरकेना, म्हणून भिवा वर जाऊन बघून आला.

"अरे, दाराला पाटी आहे! डॉक्टर आजारी असल्यामुळे दवाखाना बंद!"

आता काय? चिठ्ठीशिवायच निघालो. मावशीही निघाली. चाळीतल्या बायका घेऊन, भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधून. मी म्हटलं, "मावशी, पाय!" ती म्हणाली, "घोषणा तोंडान देतत. पायाचा काय काम?"

आणि थोडं पुढे जातो तर समोर कोण? जाड चष्मा! सदऱ्याच्या बाह्या वर, हात वर, घसा ताणून ओरडतोय, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

भिवा मागून ओरडला, "डॉक्टर! ताप कसा आहे?"

डॉक्टरने मागे न बघता उत्तर दिलं, "तुमच्या पोटदुखीइतकाच!"

दुसऱ्या दिवशी आम्ही चिठ्ठी मागायला गेलो. डॉक्टर खुर्चीत बसलेला, तोंड उघडतोय आणि मिटतोय. आवाज साफ गेलेला! भिवाने ही संधी सोडली नाही. हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, दवाखान्यात आवाजाचं काय काम? सुरू करा!"

डॉक्टर हसला आणि खरंच हातांनी सुरू झाला. आम्हाला सगळं कळत होतं. आमची भाषाच ती!

तेवढ्यात मावशी जिना चढून आली. डॉक्टरच्या घशासाठी आल्याचा, ज्येष्ठमधाचा काढा घेऊन. लोटी टेबलावर ठेवली आणि धापा टाकत बाकावर टेकली. डॉक्टरचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. तो उठला, खाली बसला आणि सुजेवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. मग दुसरा पाय. तोही तसाच.

डॉक्टरचा चेहरा बदलला. त्याने दोन्ही तळहात जोडून गालाखाली घेतले आणि मान कलती केली. झोप. मग पाय वर उचलल्याची खूण. मग बोटांनी दिवस, पुष्कळ दिवस.

"काय म्हणतत डॉक्टर?" मावशीने विचारलं.

भिवाचा आवाज एकदम खाली आला. "पाय वर करून पडून राहायचं म्हणतात. आठवडाभर तरी."

डॉक्टरने घशातून कसेबसे शब्द काढले. "नाहीतर... मोठ्या हॉस्पिटलात... न्यावं लागेल. हसण्यावारी नेऊ नका."

मावशी उठली. "लग्न होऊं दे. तात्याक शब्द दिलंय."

"मावशी," डॉक्टर कुजबुजला, "सिकची चिठ्ठी या सगळ्यांऐवजी तुम्हाला द्यायला हवी."

"माका कित्याक? मी खंयच्या मिलीत आसंय?" ती जिन्याकडे वळली. "काढो गरम आसा तोवर घेवा!"

त्या दिवसापासून आम्ही कुणी सिक टाकली नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. भिवासुद्धा रोज वेळेवर जायला लागला. गणू गेटवर उभा राहून परत यायचा आणि मावशीच्या हातातली कळशी काढून घ्यायचा. ती त्याला ओरडायची, पण कळशी द्यायची.

*

लग्न चाळीच्या चौकातच झालं. मावशी पहाटेपासून उभी. हळद ती, जेवण ती, वाढणं ती. तात्या एका खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते. एकदा उठून म्हणाले, "बाई, जरा बसा आता." ती म्हणाली, "वरात जाऊं दे." वरात चाळीच्याच मागच्या बाजूच्या खोलीत जायची होती, तिथे कुणीतरी नव्या जोडप्याला जागा दिली होती. वरात गेली. तात्या गावाकडच्या गाडीला गेले. मावशीने मोठी पातेली घासून पालथी घातली, तेवढं मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती कशाने ते आधी कळेना. भोंगा तर व्हायचा होता. मग कळलं. धुराचा वास नव्हता. भिंतीपलीकडे शेगडी पेटली नव्हती.

आम्ही सगळे तिच्या खोलीत गेलो. आजाऱ्याची वळकटी पसरलेली होती, तिच्या नेहमीच्या जागी, शेगडीसमोर. मावशी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पायांखाली तिने स्वतःच उशी घेतली होती.

"मावशे?" भिवाने हाक मारली.

"आज माका सिक," ती म्हणाली. बस, एवढंच.

आम्ही गॅलरीत येऊन उभे राहिलो. तेव्हा आबांनी डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली.

"जॉबरला सांगा, आज आबा आजारी आहे."

आबा! भोंग्याआधी गेटवर असणारे आबा! मी म्हटलं, मीही थांबतो. भिवा तर थांबणारच होता. निरोप घेऊन एक जण मिलमध्ये गेला. जॉबरने ऐकलं आणि म्हणे हातातलं हजेरीबुक मिटलं. मग म्हणाला, "आबा आजारी? मग ते खरंच असेल. बदलीला कोण आहे?"

बदलीला कोण असणार! गणूला उठवून आणायला माणूस गेला, पण मावशीचं त्याला सांगितलं नाही. जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या शिंकांची वाट बघितली, त्याला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सकाळी काम लागलं! तो अंगावरच्या हळदीनिशी मिलमध्ये गेला. जाताना म्हणाला म्हणे, "आजच सगळ्यांना काय झालं?"

इकडे आम्ही मावशीची पाळी चालवायला घेतली. आबा शेगडीवर, मी भाकऱ्यांवर, भिवा बाकी सगळ्यावर. भाकऱ्यांबद्दल मी बोलत नाही. मावशीला जाग येऊ नये म्हणून कुणी तोंड उघडायचं नाही असं ठरलं, आणि त्याची काही अडचण नव्हती. मीठ कुठे, पीठ किती, पाणी आण, धूर होतोय, भिवा तू गाढव आहेस, सगळं हातांनी! आबांच्या आणि भिवाच्या हातांचं एकदा चांगलंच भांडण झालं. पण खोलीत चमच्याचासुद्धा आवाज नव्हता.

मावशीला आम्ही पेज दिली. मीठ, लिंबाचं लोणचं. तिचाच कायदा. तिने दोन घोट घेतले, वाटी ठेवली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. पेज कशी झाली म्हणूनही ओरडली नाही. त्यानेच आम्ही जास्त घाबरलो.

दुपारी कोळीण दारात आली. टोपलीत ताजे बांगडे. भिवाने तिला खुणेने थांबवलं आणि आमच्याकडे बघून हातांनीच तव्यावर मासा टाकल्याची खूण केली. परीक्षा घ्यायची का?

आबांनी रागाने मान हलवली. आजारी माणसाची चेष्टा करतोस?

भिवाने दोन्ही हात जोरात हलवले. चेष्टा नाही, ते सांगत होते. मला कळायला हवं. नुसती थकली आहे, की...

पुढची खूण त्याने केली नाही.

मी विचार करत बसलो. बांगड्याच्या वासाने उठून बसली तर ती बरी आहे. पण उठली की पदर खोचून शेगडीवर जाणार, आणि तिला परत झोपवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. आणि नाहीच उठली तर... आबाही तोच विचार करत असावेत. बराच वेळ त्यांनी मावशीच्या पाठीकडे बघितलं. मग हळूच स्टोव्हकडे बोट केलं.

भिवाने बांगडा धुतला. हळद, तिखट, मीठ लावलं, जसं तिला करताना आम्ही रोज बघायचो. स्टोव्ह तिच्या उशाशी नेला. तवा तापला. तेल सोडलं. बांगडा टाकला.

चर्रर्र!

वास खोलीभर पसरला, गॅलरीत गेला. रात्रपाळीवाला एक जण शेजारच्या खोलीतून डोळे चोळत दारात आला, आमचे चेहरे बघून तिथेच थांबला. मावशी हलली नाही.

आम्ही वाट बघितली. तेल तडतडत होतं. मावशी हलली नाही. भिवाच्या हातात उलथनं होतं, पण तो बांगड्याकडे बघतच नव्हता, तिच्या खांद्याकडे बघत होता. आबांनी तोंड फिरवलं. तव्यावरून धूर यायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या धुराने असावं.

आणि भिंतीकडून आवाज आला, डोळे न उघडता, मान न वळवता:

"परत रे तो, मेल्या. करपलो!"

मग तिने डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली आणि पाय उशीवर नीट ठेवले.

भिवाने बांगडा परतला.